शंभरावर थांबलेला पारा

भाऊजींचा थर्मामीटर त्या महिन्यात कुठे कुठे जाऊन आला, याचा मी एकदा मनाशी ताळा मांडला आणि त्या दिवशी दोन घास कमी जेवले. तोंडं, काखा, गंजीफ्रॉक, अंडी, चहा आणि पुन्हा तोंडं. यादी कुठूनही वाचायला घेतली तरी मळमळायचंच.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. दवाखान्यात कंपाउंडर. तिथले डॉक्टर बदलले, पाटी बदलली, बाकडी बदलली, भाऊजी तेच. सगळी गल्ली त्यांना कंपाउंडर म्हणून हाक मारते आणि ते डॉक्टर म्हटल्यासारखे वळून बघतात. घरात सासरे, भाऊजी, त्यांची बायको म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आमचे हे आणि मी. जाऊबाईंना मी ताई म्हणते. आमचे हे कशातच नसतात, तसे या गोष्टीतही नाहीत. त्यांचा फक्त एक जुना स्वेटर आहे.

ताईंची एक कोंबडी होती. त्या तिला राणी म्हणत. राणी दिसायला अर्धी सोललेली. अंगावर तांबडी पिसं भरगच्च, आणि मान मात्र लालभडक, उघडी, नावाला एक पीस नाही. सकाळी ती खिडकीतून ती मान आत घालून बघायची तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहायचा. पण ती ताईंच्या माहेरची. तिची आई, आईची आई, सगळ्या अशाच उघड्या मानेच्या, ताईंच्या आईनं हातावर दाणे भरवून वाढवलेल्या. ताईंची आई गेली, भावानं घर विकलं, आणि माहेर म्हणून ताईंच्या वाट्याला जे आलं ते एका टोपलीत बसून, केकाटत आमच्या दारात उतरलं. त्या वाणाची दुसरी कोंबडी आसपास कुणाकडे नव्हती. म्हणून राणी अंड्यांवर बसली तेव्हा ताईंचा पाय जमिनीवर ठरेना.

राणी दाणे टिपायला म्हणून जरा खाली उतरली आणि मांजरानं डाव साधला. ताई धावत पोचल्या तेव्हा अंगणात पिसं तेवढी उरली होती. अंडी मात्र अजून ऊबदार होती, नऊच्या नऊ. ताईंनी ती टॉवेलात घेतली आणि पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

पलीकडच्या घरातल्या शिवणवाल्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "आण इकडे. माझी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीच आहे. तिच्या पोटाखाली सरकवते. तिला काय कळतंय कुणाची कोण ते."

ताई निघाल्यासुद्धा. एवढ्यात भाऊजी दारात आले.

"काकू, तुमच्या कोंबडीच्या बुडाखाली तापमान किती असतं, सांगता येईल?"

"मी कशाला बघायला जाऊ तिथे."

"तेच म्हणतो मी. ना आकडा, ना पुरावा. माझं यंत्र तयार आहे."

यंत्र खरोखर तयार होतं. दवाखान्यात लसी ज्यातून येतात तो थर्माकोलचा मोठा खोका. झाकणाच्या जागी एका फोटोच्या चौकटीतली काच. आत एक बल्ब, आणि तो कमी-जास्त करायला जुन्या पंख्याचा रेग्युलेटर. दमटपणा राहावा म्हणून पाण्याची वाटी. ती भाऊजींची दाढीची वाटी होती. मी डोकावले तेव्हा पाण्यावर चारदोन पांढरे केस तरंगत होते. "केस काही उबत नाहीत," भाऊजी म्हणाले. खोक्याच्या बाजूला दोन भोकं आणि त्या भोकांना आमच्या ह्यांच्या स्वेटरच्या बाह्या शिवलेल्या. झाकण उघडलं की ऊब जाते, म्हणून बाह्यांतून हात आत घालून अंडी फिरवायची. हे सगळं मागच्या पत्र्याच्या खोलीत, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी.

ताई टॉवेल सोडेनात. "काकूंची कोंबडी बसलीच आहे तर," एवढंच म्हणाल्या.

"अगं, आईची आठवण आहे तुझी. ती काय कुणाच्या कोंबडीच्या मर्जीवर सोडायची?"

हे असं बोलतात भाऊजी. आपल्या हौसेची गोळी दुसऱ्याच्या दुःखात गुंडाळून देतात, म्हणजे घशाखाली लवकर उतरते. ताईंनी अंडी दिली.

दुपारचं कडक ऊन होतं, पत्रा तापला होता. भाऊजींनी आपला तापाचा थर्मामीटर अंड्यांच्या मधोमध ठेवला आणि बटण फिरवत बसले. पारा चढत चढत शंभरावर आला आणि थांबला. भाऊजींनी बटणावर चिकटपट्टी मारली, काचेच्या चारी कडा पट्टीनं बंद केल्या आणि हात झटकले. "आता कुणी हात लावायचा नाही. तीन आठवडे हाच आकडा."

आणि खरंच, आकडा हलला नाही. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. वीज गेली आणि आली तरी शंभर. भाऊजी दवाखान्यातून आले की चपला काढायच्या आधी काचेत बघत. मग माणसं बोलावू लागले. मीटरवाला मीटर बघायला आला, त्याला आधी पारा दाखवला. निवृत्त हेडमास्तर तर रोजचे झाले. ते चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावत. त्यांच्या नाकाचा तेलकट ठिपका काचेवर राहायचा आणि तो मी पुसायची.

"हलतोय का?" भाऊजी विचारत.

"नाही बुवा."

"मुंगीच्या पावलाएवढा नाही."

"इतकं स्थैर्य मी आयुष्यात एकाही वर्गात पाहिलं नाही," हेडमास्तर म्हणत.

मग हवा पालटली. आभाळ भरून राहिलं, वारा सुटला, पत्र्याची खोली बर्फासारखी झाली. आम्ही सगळे अंगात दोन दोन कपडे घालून त्या शंभराकडे कौतुकानं बघत होतो. मीसुद्धा. ज्या माणसानं जन्मभर लोकांचा ताप बघितला, त्याच्या थर्मामीटरवर शंका कोण घेणार?

अंडी फिरवायचं काम ताईंचं. बाह्यांत कोपरापर्यंत हात घालून त्या डोळे मिटून बसत आणि एकेक अंडं हळूच वळवत. एकदा म्हणाल्या, "अहो, अंडी गार लागतात."

"भांडी घासायच्या गरम पाण्यातून आलीस. तुला सगळंच गार लागणार."

"राणीखालची अशी नव्हती हो."

"राणीकडे थर्मामीटर होता का?"

ताईंनी काचेतून बघितलं. शंभर. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि ते टॉवेलाला पुसून एकमेकांवर चोळले, जसं काही खोट हातांतच होती.

त्याच सुमाराला घरात वास यायला लागला. आधी अगदी हलका, कुणीतरी तोंड उघडून झोपल्यासारखा. मग स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. दूध नासलं असं मला वाटलं, मी दूध ओतून दिलं. सासऱ्यांना वाटलं गटार तुंबलं. आमच्या ह्यांना वाटलं सासऱ्यांचे मोजे. ते त्यांनी गुपचूप बाहेर वाळत टाकले आणि सासरे अनवाणी आठवडाभर सगळ्यांवर चिडून बसले. भाऊजी म्हणाले, कपाटामागे उंदीर मेला असेल. कपाट ओढलं. उंदीर नव्हता, तर त्याचाच त्यांना राग आला.

ताई जेवताना घास तोंडाशी न्यायच्या आणि मधेच थांबून बोटं हुंगायच्या.

एका सकाळी सासऱ्यांना कसंतरी वाटायला लागलं. घरात थर्मामीटर एकच. भाऊजींनी बाहीतून हात घातला, अंड्यांमधून तो काढला, गंजीफ्रॉकला पुसला, सवयीनं दोन झटके दिले आणि वडिलांच्या जिभेखाली ठेवला.

"कसली रे चव आहे याला?" सासरे थर्मामीटर गालात धरून म्हणाले.

"औषधाची. तोंड मिटा."

ताप नव्हता. भाऊजींनी थर्मामीटर पुन्हा झटकला, बाहीतून आत ठेवला आणि काचेत बघत उभे राहिले. मी दारात भाजी निवडत होते. बराच वेळ झाला तरी ते तिथेच. मला वाटलं, आपल्याच यंत्रावर लुब्ध झालेत. एकदा त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. त्या गारठ्यात.

त्या दिवसापासून त्यांचा चहा वाढला. "मागच्या खोलीत दे," म्हणायचे. गल्लीतल्या कुणाला कसकस वाटली की ते घरीच येतात, भाऊजी बाहीतून थर्मामीटर काढतात, झटकतात, तोंडात देतात. माणूस गेला की लगेच चहा. मी अशा गोष्टींची नोंद ठेवते. एक रुग्ण, एक कप. दोन रुग्ण, दोन कप. हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला लागेना.

मग एकदा मीटरवाल्याची बायको ताप दाखवून गेली आणि मी चहा देऊन दाराआड थांबले.

भाऊजींनी थर्मामीटर चहात बुडवला. काढला, उजेडात धरला. पुन्हा बुडवला. चहा जास्त गरम होता वाटतं, लहान मुलाला भरवताना घालतात तशी त्यावर फुंकर घातली आणि तिसऱ्यांदा बुडवला. मनासारखा आकडा आला तसा थर्मामीटर गंजीफ्रॉकला पुसून बाहीतून आत ठेवला. काचेत शंभर. मग त्यांनी कप उचलला आणि तो चहा प्यायले. सगळा. तळाशी राहिलेलं बोटानं पुसून चाटलंसुद्धा.

त्या रिकाम्या कपाकडे बघता बघता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तापाच्या थर्मामीटरचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय खाली येत नाही. म्हणून तर ते तोंडात देण्याआधी झटकतात. हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. भाऊजींचा हात ते जन्मभर करत आला, पण तो झटका तोंडासाठी, खोक्यासाठी नाही. खोक्यात थर्मामीटर पडून राहिला आणि सासऱ्यांचा ताप बघेपर्यंत त्या कडक उन्हाच्या दुपारचा शंभर आम्हाला दाखवत राहिला; पुढचे सगळे शंभर चहाचे.

आणि भाऊजींना हे केव्हाच कळलं होतं. हात सराईत होता. पहिल्यांदा करणारा माणूस अशी फुंकर घालत नाही.

"भाऊजी, चहात काय पडलं?"

ते दचकले, पण लगेच सावरले. "काही नाही. थर्मामीटर निर्जंतुक केला."

"चहात?"

"उकळलेला असतो." मग जवळ येऊन, आवाज खाली करून, "हिला उगाच काही सांगत बसू नकोस. हळवी आहे."

त्यांच्या तोंडाला चहाचा वास येत होता आणि त्यामागून तो दुसरा. मी तिथून सरळ ताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

ताई कपडे घडी करत होत्या. ऐकून घेतलं. "पण शंभर दाखवतोय ना?" म्हणाल्या.

"ताई, तो चहाचा शंभर आहे."

त्यांनी हातातली घडी पुरी केली. मग मागच्या खोलीत गेल्या. भाऊजी बाहेर निघून गेले होते. ताईंनी बाह्यांत हात घातले, डोळे मिटले आणि एकेक अंडं चाचपायला लागल्या. मी काचेतून बघत होते. एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. तिसरं त्यांच्या हातात फुटलं.

आवाज छोटासाच झाला, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. काचेवर आतून हिरवट-करडं काहीतरी उडालं आणि थेंबाथेंबानं खाली गळायला लागलं. ताईंनी हात ओढले तसं ते बाहीतून त्यांच्याबरोबर बाहेर आलं. लोकर त्यात भिजून जड झाली होती आणि तिच्यातून धागे लोंबत होते. वास नुसता नाकाला नाही, डोळ्यांना लागला. मी मोरीकडे पळाले. परत आले तेव्हा ताई तिथेच बसल्या होत्या, हात पुढे धरून, कोपरापासून निथळत.

"साबण दे," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी हात तीनतीनदा धुतले. मग काच बाहेरून नीट पुसली आणि म्हणाल्या, "संध्याकाळी हेडमास्तर येणार आहेत ना? येऊ दे."

संध्याकाळी हेडमास्तर आले, मीटरवालाही आला. पिल्लं निघायची वेळ जवळ आली म्हणून भाऊजींनीच बोलावलं होतं. खोलीत फिनाईल शिंपडलं होतं, त्यामुळे दोन वास भांडत होते. काचेवरचा डाग भाऊजींनी आल्याबरोबर पाहिला, पण त्यावर रुमाल टाकला आणि बोलत राहिले. पाव्हण्यांना खुर्च्या दिल्या. सासरे दारात अनवाणी उभे.

ताई चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"एक कप जास्तीचा दिसतो," हेडमास्तर म्हणाले.

"तो थर्मामीटरसाठी."

हेडमास्तर हसले, मग कुणी हसत नाही असं बघून थांबले. भाऊजी म्हणाले, "अगं, काय हे."

"दाखवा ना त्यांना. शंभर कसा आणतात ते."

ताईंनी बाहीतून थर्मामीटर काढला. इतकी वर्षं नवऱ्याला बघितलेलं, झटका अगदी त्याच्यासारखा बसला. पुन्हा आत ठेवला, काचेवरचा रुमाल उचलला. सगळे वाकून बघायला लागले. पारा खालच्या गोळीत बसून राहिला. वर यायचं नावच नाही. मीटरवाला माणूस आकड्यांवर जगणारा, त्याला पहिल्यांदा कळलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे रिडिंग जुनंच."

हेडमास्तरांनी एक घोट घेतला होता. ते कपाकडे बघायला लागले. "वहिनी, या कपात..."

"नाही. तुमचा स्वच्छ आहे."

त्यांनी तरी तो खाली ठेवला.

ताईंनी काचेची पट्टी ओढली. झाकण निघालं आणि पाव्हणेही निघाले. मीटरवाला नाक दाबून, हेडमास्तर काठी विसरून. सासरे लांबून एवढंच म्हणाले, "वास माझ्या मोज्यांचा नव्हता."

ताई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एकेक अंडं बाहेर काढत होत्या. काही हलवली की आत पाण्यासारखं वाजत होतं. बल्बला अगदी चिकटून एक होतं, ते त्यांनी हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि चमच्याच्या टोकानं हळूच फोडलं. आत पिल्लू होतं. पुरं झालेलं, ओलं, दुमडलेलं. अंगावर लव आली होती. मान उघडी होती.

"याला वास नाही," ताई म्हणाल्या.

भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. 

"याला वास नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "हे आत्ताआत्तापर्यंत होतं. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा हे होतं."

"मोठा बल्ब कपाटात होता," भाऊजी म्हणाले. का म्हणाले, त्यांनाच माहीत. "लावला असता. पण तुम्ही सगळ्यांनी विचारलं असतं, का बदलला म्हणून."

मी आजवर बऱ्याच किळसवाण्या गोष्टी धुतल्या आहेत. पण ते वाक्य धुऊन कुठे टाकायचं ते मला कळलं नाही. बल्ब कपाटात, पिल्लू खोक्यात, दोन्हींच्या मधे चार पावलं आणि एक माणूस.

ताईंनी पिल्लू टॉवेलात गुंडाळलं, तोच टॉवेल. म्हणाल्या, "वासाचं काही नाही. वास साबणानं जातो. मला फक्त एवढंच कळत नाही, तुम्ही तो चहा प्यायलात कसा."

मला वाटतं भाऊजींनाही तो प्रश्न पहिल्यांदाच पडला होता.

अंगणात जिथे राणीची पिसं पुरली होती तिथेच ते पिल्लू गेलं. बाकीची अंडी, बाह्या, खोका, सगळं मी लांब नेऊन टाकलं. दाढीची वाटी भाऊजींनी धुऊन परत घेतली. थर्मामीटर ताईंनी उचलून फळीवर ठेवला.

काकूंच्या कोंबडीखाली त्याच दिवसांत पिल्लं निघाली. साधीच, मानेवर लव असलेली. कुंपणावरून त्यांचा चिवचिवाट यायचा तेव्हा ताई नळ सोडायच्या. काकूंनी दोनदा विचारलं, "एक जोडी नेतेस का गं?" ताई म्हणाल्या, बघते.

पुढे गारठ्यात भाऊजींनाच ताप भरला. पांघरुणात कुडकुडत होते, डोळे लाल. "किती आहे ते तरी बघ," म्हणाले. ताई फळीवरून थर्मामीटर घेऊन आल्या.

"धुतलास का तो?"

"चहात बुडवलाय. निर्जंतुक आहे."

भाऊजी ताईंकडे बघत राहिले. थट्टा आहे की खरं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मलाही कळलं नाही, आणि मी तर स्वयंपाकघरातच होते. दात वाजत होते त्यांचे. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. ताईंनी थर्मामीटर जिभेखाली ठेवला, हनुवटी वर दाबून तोंड मिटवलं.

"मी येईपर्यंत उघडू नका. पारा हलेल."

आणि टोपली उचलून त्या काकूंकडे पिल्लं बघायला गेल्या. काकूंच्या अंगणातून कितीतरी वेळ बोलण्याचा आवाज येत होता. भाऊजी ओठ घट्ट मिटून, नाकानं श्वास घेत, दाराकडे बघत पडून होते. एकदा त्यांनी मला खूण केली, काढ म्हणून. मी कणीक मळत होते. माझे हात स्वच्छ होते, आणि मला ते तसेच ठेवायचे होते.